चेहरा दिसेपर्यंत

"चेहरा दिसला पाहिजे हं," बाईंनी बजावलं. नवरा गेल्यापासून त्याची जुनी काळी गाडी गॅरेजमध्ये झाकून पडली होती आणि रंग पार विटला होता. पॉलिशवाल्याने मान डोलावली. सगळीच गिऱ्हाइकं असं म्हणतात. त्याने मन लावून बॉनेट घासलं, फडक्याने पुसलं आणि हाक मारली, "या बाई, दिसतोय चेहरा."

"कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? माझा."

"मग अजून घासा."

"रंग मुळात जुना आहे. फार घासला तर पातळ होईल."

"होऊ द्या थोडा."

कुरकुरत त्याने पुन्हा हात चालवला. चकाकी वाढली तसा त्याच्या चेहऱ्यामागे जाड भिवयांचा एक चिडका चेहरा दिसू लागला. त्याने दचकून मागे पाहिलं. मागे नुसती भिंत होती. पुन्हा बॉनेटकडे वळला, तर तो चेहरा आतून काचेला नाक लावल्यासारखा अगदी जवळ आलेला.

बाईंनी शांतपणे त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"आता थांबा. हे नुसते दिसले तरी मला पुरे," त्या म्हणाल्या. "बाहेर यायला नकोत."