दुखवट्याचा ठराव

डब्यात उन्नियप्पम, म्हणजे गुळाचे केरळी गोड आप्पे, होते. रत्नवल्ली टीचरांची मुलगी मस्कतहून चार वर्षांनी येत्या गुरुवारी येणार होती. त्या महिन्याच्या रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण दोऱ्याने शिवून टाकलेलं होतं, सभेआधी कुणी खुनी कोण ते पाहून ठेवू नये म्हणून.

महिन्याच्या पहिल्या रविवारी गावच्या वाचनालयात रहस्यकथांचे पाच वाचक जमत. चिटणीस कुट्टन मास्तर आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचत.

"चर्चेपूर्वी रत्नवल्ली टीचर यांच्या निधनाबद्दल सर्वांनी एक मिनिट उभं राहून..." मास्तर थांबले.

"थांबलात का?" समोर बसलेल्या रत्नवल्ली टीचर म्हणाल्या. "बोला की चार चांगले शब्द. एरवी कुठे बोलता?"

दोघंतिघं हसले.

"अक्षर माझंच आहे, टीचर," मास्तर म्हणाले. "पण हे लिहिल्याचं मला आठवत नाही."

टीचरनी वही ओढून घेतली. ठरावाखाली पाच सह्या होत्या. पाचवी त्यांचीच होती, खालच्या तिरप्या रेघेसकट.

"मी गेले असेन, तर गुरुवारी लेकीला आणायला विमानतळावर कोण जाणार?" त्या म्हणाल्या. "मागच्या सभेला मी इथेच होते. वेलायुधन, तू माझ्या शेजारी होतास. सांग यांना."

वेलायुधनला खोटं बोलता येत नसे. त्याने उन्नियप्पमच्या डब्याला झाकण लावलं.

"होतात की, टीचर," तो म्हणाला. "आम्ही उभे राहिलो. तुम्ही तेवढ्या बसून होतात."

या सभेला येण्याआधी, त्याच सकाळी, टीचरनी सरकारी दवाखान्यात रक्तदाब तपासून घेतला होता. तो एकशे तीस-ऐंशी भरला होता.