चारित्र्याचा दाखला

वनरक्षकाच्या परीक्षेत मेघा जिल्ह्यात चौथी आली. कारंजाच्या हायवेच्या कडेनं ती तीन वर्षं रोज पहाटे धावली होती, आणि वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटचीच संधी होती. आता फक्त पोलिसांचा चारित्र्याचा दाखला उरला होता. आई तर पेढे घेऊनच ठाण्यात आली.

हवालदारांनी संगणकात नाव टाकलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"पोरी, तुह्या नावावर गुन्हा हाय. दोन वर्षांमांगचा. जमावबंदी मोडून कचेरीसमोर धरणं धरलं. केस अजून चालूच हाय."

"नुसती बसली होती मी, काका. एक खडा नाई उचलला."

"मले समजते, पण कागदाले नाई समजत. जे हाय ते मले लिहून द्या लागते. आन् असं लिहिलं का निवड रद्दच समज." त्यांचा आवाज खरोखरच उतरला होता. "एवढी अभ्यासाची पोरगी तू. उन्हातान्हात तिथं कायले जाऊन बसली होती?"

मेघानं आईकडे पाहिलं नाही.

"ही भरती काढा म्हणून."