रेषेच्या आतला बाप

शिट्टी वाजली आणि सगळी पोरं मगरीची अंडी चोरायला धावली. टेनानं मात्र बापाचा पाय धरला. तोही दोन्ही हातांनी.

स्पिअरवुडच्या त्या मैदानावर शनिवारी सकाळी तीन-चार वर्षांची पोरं फुटबॉल शिकायची. शिकायची म्हणजे, ब्रॉनी नावाची प्रशिक्षक मगर होऊन गवतात झोपायची आणि पोरांनी तिला जागं न करता तिची अंडी, म्हणजे बॉल, पायानं पळवायचे. आईबापांनी पांढऱ्या रेषेबाहेर कॉफी पीत बसायचं. ज्याचं मूल बुजरं, तेवढ्यानं आत यायचं. यंदा आत आलेला बाप एकच, दामिर. त्याच्या वडिलांचा फोटो क्लबच्या भिंतीवर होता आणि तो स्वतः एकेकाळी याच क्लबचा गोलकीपर होता.

"आज कुठे खेळतोयस रे, डावीकडे की उजवीकडे?" बाहेरून क्रेगनं विचारलं. त्याची पोरगी दोन्ही बगलांत बॉल घेऊन पळत होती, त्याचं त्याला काही नव्हतं.

दामिर हसला. असलं हसू त्याला फार महाग पडायचं.

तो उत्तरेकडच्या खाणीत डंपर चालवायचा. दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी, आणि शनिवारी दुपारी पुन्हा खाणीकडे जायचं विमान. तो घरी असला की टेनाला तो आणायचा, नसला की बायको. "अरे, काय धावते ती," बायको फोनवर सांगायची. ती आपली समजूत घालतेय, हे ओळखण्याइतका दामिर शहाणा होता. शहाणा तर तो होताच. निघताना होणारी रडारड टाळायची एक युक्ती त्यानं हंगामाच्या सुरुवातीला काढली होती आणि ती इतकी बेमालूम जमली, की खाणीतल्या चार बापांना शिकवूनही झाली होती.

आज हंगामाचा शेवटचा शनिवार. पोरीनं एकदा, निदान एकदा सगळ्यांसमोर बॉलला पाय लावावा, एवढंच त्याला हवं होतं. त्यानं आइसक्रीम कबूल केलं. मग डोळे वटारले. शेवटी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तो ताडताड रेषेबाहेर जाऊन उभा राहिला.

टेना मागोमाग आली आणि तिनं पुन्हा पाय धरला.

"गोलकीपरची पोर आहे बाबा, पकड सोडणार नाही," क्रेग म्हणाला. या वेळी सगळेच हसले.

दामिर वाकला आणि तिच्या कानाशी हळूच म्हणाला, "मला लाज वाटते तुझी."

ती रडली नाही. तिनं फक्त पकड बदलली.

मगर जेवायला चालली, असं पोरांना सांगून ब्रॉनी उठली आणि केसांतलं गवत झटकत त्याच्याकडे आली. तिनं काही बोलायच्या आत त्यानंच माफी मागून टाकली. आमच्या घरात इतकं बुजरं कुणी निघालं नव्हतं, म्हणाला.

"बुजरी? गेल्या शनिवारी हिनं माझ्या पाठीवरून उडी मारून बॉल नेला. आई आली की ही रेषेकडे वळूनसुद्धा बघत नाही."

दामिरनं पायाला बिलगलेल्या टेनाकडे पाहिलं.

"मी विचारलं तिला, बाबा आला की का गं खेळत नाहीस?"

"मग?"

ब्रॉनीनं आवाज खाली आणला. "म्हणाली, मी एकदा खेळत होते, तेवढ्यात बाबा विमानाला निघून गेला."