गवंड्याची साक्ष

अचलपूरचा इतिहास लिहिणाऱ्या शरयू बोंद्रे यांनी पडक्या घराच्या भिंतीच्या गिलाव्यावर ध्वनिवाचक टेकवला. ओल्या चुन्यात मुरलेले जुने बोलणे हे यंत्र ऐकवते, याचे आता कुणाला नवल वाटत नसे.

"मॅडम, इथे बारव असल्याचा एकही कागद नाही. उद्यापासून वाहनतळाचं काम सुरू," पालिकेचे अभियंता तायडे म्हणाले.

तेवढ्यात दीडशे वर्षांपूर्वीचा गवंडी शरयूताईंच्या कानात ओरडला, "गोदे, बारवेचं पानी आन वं! चुना सुकून राह्यला!"

"बारव तं दारातच हाय. तुमीच उठा नं!" बायको फणकारली.

शरयूताई हसतच सुटल्या. त्यांनी इअरफोन तायडेसाहेबांच्या हाती दिले. ऐकता ऐकता तेही हसू लागले आणि त्यांनी लगेच दारासमोर खणायला माणसे लावली. दुपारपर्यंत बारवेच्या दगडी पायऱ्या उघड्या पडल्या. गल्लीतल्या बायका बघायला जमल्या, तेव्हा शरयूताईंनी त्यांनाही ते भांडण ऐकवले.

"मग उठला का तो?" एकीने विचारले.

शरयूताईंनी यंत्राचा आवाज मोठा केला. आधी गवंड्याची कुरकुर ऐकू आली, मग पायऱ्या उतरणारी पावले. घागर पाण्यात बुडाली, तशी सगळी गल्ली टाळ्या पिटू लागली.