पाचशेचा रोज

“बाईमाणसाचा रोज?” सुनीलने विचारलं.

“पाचशे,” गेणभाऊ म्हणाला. शेजारी उभ्या चिमाबाईकडे त्याने पाहिलंही नाही. ती दर महिन्याला मान हलवायची, आजही हलवणारच होती.

सुनील सरकारी पाहणीवर होता. महिन्यातून एकदा खोडदला यायचा, शेतमजुरीचे दर विचारायचा, टॅबमध्ये भरायचा आणि पुढच्या गावाला जायचा. गेणभाऊ मोठा कांदा बागायतदार. चिमाबाई त्याच्याकडे आण्याच्या पठारावरून येणाऱ्या नऊ बायकांच्या टोळीची मुकादम. दोघांना एकाच बांधावर विचारलं की सुनीलचं काम झालं.

खरा रोज होता साडेतीनशे. तीन वर्षांपूर्वी गेणभाऊनेच चिमाबाईला पढवलं होतं. “मजुरी जास्त लिवली की कांद्याचा खर्च जास्त दिसतो. मग सरकार भाव देतं. भाव मिळाला की तुमचाबी रोज वाढवतो.” तिला ते पटलं होतं. मग कागदावरचा रोज चारशे झाला, साडेचारशे झाला, आता पाचशे. भावही दोनदा बरा मिळाला. हातात मात्र साडेतीनशेच.

सोमवारी तिने चारशे मागून पाहिले. “परवडत न्हाई,” गेणभाऊने सगळ्या बायकांसमोर सुनावलं होतं. “जमत नसंल तर ऱ्हाऊ द्या. डोंगराकडची टोळी दोन दिसात येती.” पठारावर पाण्याची बोंब, या लागवडीवरच नऊ घरांच्या चुली पेटायच्या. तिने पदर खोचून पुन्हा वाफ्यात रोप लावायला घेतलं होतं.

“आमचे साहेब खूश आहेत या गावावर,” सुनील टॅबवर बोट फिरवत म्हणाला. “महागाई वजा केली तरी इथल्या बायकांची मजुरी वाढलीय. मजा आहे मावशी तुमची!”

चिमाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पूर्वी तिच्या घरात तेलाचा डबा यायचा, आता पिशवी येते, तीही पुरवून पुरवून वापरायची. तिला गेणभाऊचा राग आला, सुनीलचा आला, पण सगळ्यात जास्त आला तो स्वतःच्या हलणाऱ्या मानेचा.

“पाचशे, बरोबर ना मावशी?”

वाफ्यात वाकलेल्या बायकांचे हात थांबले. खरं सांगितलं तर उद्यापासून काम बंद. चिमाबाईने बांधाच्या कडेला पाहिलं. उद्याच्या लागवडीचं रोप त्यांनी सकाळीच उपटून ठेवलं होतं. ढीगभर होतं. उपटलेलं रोप काही डोंगराकडच्या टोळीची वाट बघत बसणार नव्हतं.

“व्हय, पाचशे,” ती म्हणाली. “पन पावणं, जरा बसा. आज शनवार, आमचा हप्ता वाटायचाय. तुमच्या डोळ्यांदेखत घेतो, म्हंजी तुमचाबी कागद पक्का.”

गेणभाऊ हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. “साहेबांना घाई असंल,” तो म्हणाला.

“छे, मला कसली घाई?” सुनीलने बांधावर बैठक मारली.

बाकीच्या आठही जणी हाताची माती झटकत येऊन उभ्या राहिल्या. गेणभाऊने एकदा रोपाच्या ढिगाकडे पाहिलं, मग खिशात हात घातला. हात बराच वेळ खिशातच राहिला. सहा दिवसांचे तीन हजार त्याने चिमाबाईच्या हातावर ठेवले तेव्हा त्याच्या कपाळावरची शीर उडत होती. सातव्या बाईला नोटा संपल्या. “सुटे कमी पडले,” असं पुटपुटत त्याने घरी फोन लावला. लागवड उरकली की तो आपल्याला पुन्हा बोलावणार नाही, हे चिमाबाईला कळून चुकलं होतं. तरी तिने नोटा दोनदा मोजल्या.

सुनीलने दर महिन्यासारखाच पाचशेचा आकडा टॅबवर दाबला. तीन वर्षांत आपण पहिल्यांदाच खरा आकडा भरतोय, हे त्याच्या गावीही नव्हतं.