निळ्या गाडीवरचा चरा

आधीचा रंग नीट वाळलाही नव्हता आणि त्याच जागेवर नवा चरा उठला होता.

खुशाल गाडीच्या दारापाशी उकिडवा बसला. बोट फिरवून पाहिलं. हँडलपासून मागच्या चाकापर्यंत सरळ रेघ, पार पत्र्याला भिडलेली. खिळ्याचंच काम. त्यानं उसासा टाकला आणि बादलीत पॉलिशपेपर भिजत घातला.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. आदिलाबादच्या त्या गल्लीत मोटार घेणारा खुशाल मास्तर पहिलाच. हैदराबादहून आणलेली जुनी मारुती, पण निळा रंग त्याच्या मनात भरला होता. गॅरेजला न्यायचं सोडून तो सगळं घरीच करायचा. घासायचं, पुट्टी भरायची, वाळली की पुन्हा घासायचं, मग प्रायमर, मग रंगाचे पातळ हात. रविवारी अंगणात थिनरचा वास भरून राहायचा.

त्याचा बाप भिवाजी ओट्यावर सुपारी कातरत बसलेला असायचा.

"पुन्हा ओढला का रे?"

"हो बाबा. पोरंसोरं असतील."

"असतील. जाऊ दे." भिवाजीनं सुपारी तोंडात टाकली. "मालक आले होते मंगाशी गाडीजवळ. हात लावून पाहून गेले. पन तू मनात काई आनू नको."

मालक म्हणजे समोरच्या घरातले वामनराव. तलमडुगुला त्यांची मोठी शेती होती आणि भिवाजी त्यांचा सालगडी. खुशालची आई पंचफुला दुसऱ्या बाळंतपणात अडली, तेव्हा वामनरावांची जीप दारात उभी होती. भिवाजी पायावर पडला. "गाद्या नव्या आहेत, खराब होतील," म्हणत वामनराव आत निघून गेले. बैलगाडी आदिलाबादला पोचलीच नाही. पंचफुला वाटेतच गेली. हे खुशालला आत्याकडून कळलं होतं. भिवाजीनं त्यावर कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

शेती विकून वामनराव समोर राहायला आले, तेव्हा खुशालला वाटलं होतं, याचं तोंडही पाहवणार नाही. पण समोर होता तो एक वाकलेला म्हातारा. "या मास्तर," म्हणून हाक मारायचा, पेपर वाचून झाला की आणून द्यायचा. खुशाल त्यांच्याकडे चहासुद्धा प्यायला होता.

"म्हातारा झाला तो, बाबा," तो तेव्हा म्हणाला होता. "जुनं किती दिवस धरून बसायचं?"

"बराबर हाये," भिवाजी म्हणाला होता.

त्यानंतर महिनाभरात गाडीवर पहिला चरा उठला. आणि मग उठतच राहिला.

"समोरच्याले आपली गाडी पाहवत नाई," खुशालची बायको द्वारका एकदा म्हणाली. "तुमाले समजत काऊन नाई?"

खुशाल दाराचा पत्रा घासत होता. भिवाजीच बोलला, "काल मालक म्हनत होते, सालगड्याच्या पोरानं मोटार घेतली, दिवस बदलले. हासून म्हनले. वाईट मनानं नसन म्हनले."

खुशालचा हात त्याच जागी जरा जास्त वेळ घासत राहिला.

आंबेडकर जयंतीला त्यांना निर्मल शहरातल्या मिरवणुकीला जायचं होतं. आदल्या दिवशी खुशालनं गाडी आरशासारखी चमकवली आणि बॉनेटवर निळा झेंडा लावला. सकाळी बाहेर येऊन पाहतो तर पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत एकच चरा. झेंडा मात्र जागेवर होता. तिथं वळसा घालून रेघ पुढं गेली होती.

खुशालच्या कानात घूं झालं. तो सरळ समोरच्या घरात शिरला, वामनरावांच्या दंडाला धरून त्यांना रस्त्यावर आणलं आणि हातात ओला पॉलिशपेपर कोंबला.

"घासा."

"मास्तर, मी काय केलं?"

"घासा म्हनलं ना!"

गल्ली जमा झाली. शेजारचा मारोती पुढं आला. "मास्तर, काय करून राह्यले? म्हातारा मानूस हाये."

"माही माय मेली तवा याच्या गाद्या नव्या होत्या," खुशाल ओरडला. "आता माही गाडी नवी हाये!"

मारोती मागं सरला. वामनराव गुडघ्यांवर बसले. घासू लागले. निळं पाणी कोपरावरून ओघळून पांढऱ्या धोतरावर पडत होतं. दारात त्यांची बायको रमाबाई पदर तोंडाला लावून रडत होती.

"पंचफुलाचं पाप माझ्या माथ्यावर आहे," वामनराव पुटपुटले. "ते मी नाही म्हणत नाही. पण हे मी नाही केलं रे."

"घासा!"

भिवाजीनं घरातली खुर्ची उचलून रस्त्यावर आणली. वामनरावांच्या समोर ठेवली. आणि पायावर पाय टाकून बसला. ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून राहिला.

त्या दिवशी निर्मलला कुणी गेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात वामनराव आणि रमाबाई नांदेडला लेकीकडे गेले. घराला कुलूप लागलं. गल्लीत कुणी खुशालला दोष दिला नाही, पण तो समोरच्या दाराकडं बघायचं टाळायचा. रविवारी त्यानं राहिलेला चरा भरायला घेतला. भिवाजी ओट्यावरून उतरून त्याच्याजवळ आला. कधी नव्हे तो त्यानं पोराच्या डोक्यावर हात ठेवला.

"लई वर्सानं झोप लागून राह्यली मले," तो म्हणाला.

खुशालनं पॉलिशपेपर बादलीत टाकला. "बाबा, मलेच समजत नाई, इतके दिवस मी गप कसा बसलो. रागच येत नव्हता."

"खरं हाये," भिवाजी म्हणाला. "किती डाव चरा ओढा लागला मले, तवा कुठं तुले राग आला."