दोन ठोके

"मिस्त्री, रोज सकाळी नुसती रडते हो, सुरूच होत नाही," असं म्हणून शाळेतल्या बाईंनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि त्या रिक्षानं निघून गेल्या.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनंच ते पेटतं. पण तीच हवा डिझेलच्या पाइपात शिरली, की गाडी अडून बसते. मी किल्ली खिशात टाकली आणि गाडीखाली सरकलो. टाकीकडून येणारा पाइप चिरला होता. तो काढून हातात घेतला.

आणि सवयीनं पान्यानं पत्र्यावर दोन ठोके दिले.

दोन म्हणजे सुरू कर, एक म्हणजे बंद कर. वीस वर्षं मी खालून ठोकायचो आणि दादा वर सीटवर बसून किल्ली फिरवायचा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. आता खालीही मीच आणि वरही मीच. माझं मलाच हसू आलं.

इंजिन सुरू झालं.

मी खिसा चाचपला. किल्ली तिथंच होती.

फिल्टरमध्ये उरलेलं डिझेल संपलं की मिनिटभरात बंद पडेल, असं मी स्वतःला बजावलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हातातला पाइप कोरडा पडला होता. वर सीट करकरली, दादा सरकून नीट बसायचा तशी.

बंद करायला एकच ठोका पुरला असता.

मी पाना अलगद, जराही आवाज होऊ न देता, जमिनीवर ठेवला.